नाणी दिली, मग देव दिला

ब्रह्मपुरीच्या टेकडीने कोल्हापूरला आधी नाणी दिली आणि पुढे, कोणी मागितला नसताना, एक देव दिला. पंचगंगेच्या काठावरचे हे पांढरीचे टेकाड. माणसांनी शतकानुशतके एकाच जागी घरे बांधली, ती पडली, त्यांच्यावर पुन्हा नवी उभी राहिली, तशी जमीन चढत गेली. १८७७ च्या सुमारास इथे जुन्या नाण्यांचा साठा सापडला. ती सोन्याचांदीची नव्हती. शिशाची आणि हलक्या प्रतीच्या मिश्रधातूची, काळपट, हातात घेतली तर वजनाला जड आणि दिसायला दरिद्री. वितळवून छर्रे करण्यापलीकडे त्यांचा काही उपयोग कोणाला सुचला नसता.

ती पंडित भगवानलाल इंद्रजींच्या हाती गेली, हे कोल्हापूरचे भाग्य. मूळचे जुनागढचे भगवानलाल मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या सहवासात घडलेले. नाण्यांच्या एका बाजूला टेकडीसारखे चिन्ह आणि झाड, दुसऱ्या बाजूला ताणलेले धनुष्य आणि त्यावर बाण. कडेने ब्राह्मी अक्षरांत तीन राजांची नावे: वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र शिवलकुर आणि गौतमीपुत्र विळिवायकुर. तिघांची नावे कळली, पण यांतला आधीचा कोण आणि नंतरचा कोण? राजवंशाची यादी नाही, शिलालेख नाही. उत्तर नाण्यांतच होते. काही नाण्यांवर एका राजाचा छाप मारलेला होता आणि त्याच्या खाली दुसऱ्याच राजाची अक्षरे अर्धवट पुसलेली दिसत होती. नवा राजा आला की जुनेच नाणे पुन्हा ठशाखाली घालत. माढरीपुत्राने वासिष्ठीपुत्राच्या नाण्यांवर छाप मारलेला, गौतमीपुत्राने माढरीपुत्राच्या. तिघांचा क्रम लागला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात भूगोल लिहिणाऱ्या टॉलेमीने ‘बालेओकुरॉस’ नावाच्या राजाची राजधानी नोंदवली आहे. तो या विळिवायकुरांपैकीच एक असावा, असे अभ्यासक मानतात.

आज हे आठवायचे कारण म्हणजे ऑनलाइन मागवता येणारा मेटल डिटेक्टर. पूर्वी गुप्तधन शोधायचे तर पायाळू माणूस लागे, मांत्रिक लागे, अमावास्या लागे. त्या नादात अघोरी प्रकारही होत, आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनासाठीच्या अमानुष कृत्यांचा समावेश त्यासाठीच करावा लागला. आता मांत्रिकाच्या जागी यंत्र आले आहे. नदीकाठ, पडके वाडे, गडांच्या उतारावरची झाडी अशा जागा त्याला खुणावतात. हे यंत्र घेऊन फिरणाऱ्याला बहुधा इतिहासाची खरीच ओढ असते, लोभ असतोच असे नाही. म्हणून त्याला थेट चोर ठरवण्यापेक्षा ते यंत्र काय करते आणि काय करू शकत नाही, हे नीट सांगितले पाहिजे.

यंत्राच्या टोकाच्या चकतीत तारेचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडली की आजूबाजूला बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. जमिनीतल्या धातूत त्यामुळे सूक्ष्म भोवरी प्रवाह उठतात, त्यांचे स्वतःचे क्षेत्र उलट वर येते आणि कानातल्या फोनमध्ये सूर वाजतो. धातू विजेला किती सहज वाहू देतो, यावर तो सूर ठरतो. चांदी आणि तांबे ठळक बोलतात, लोखंड वेगळे कुरकुरते. पण शिशाची विद्युतवाहकता तांब्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. त्यामुळे शिशाचे छोटे नाणे आणि पार्टीनंतर फेकलेला ॲल्युमिनियमचा कागद किंवा बाटलीचे झाकण यांचे सूर एकमेकांत मिसळू शकतात. ‘कचरा नको’ म्हणून यंत्राला ते सूर गाळायला सांगणारा माणूस विळिवायकुराच्या नाण्यावरून सरळ पुढे निघून जाईल. पन्हाळ्याच्या माथ्यावर तर जांभा दगड, म्हणजे लोहाने भरलेला. तिथे जमीनच यंत्राशी बोलत राहते.

शिवाय खोली. नाण्याएवढी वस्तू साधे यंत्र साधारण वीतभर खोलीपर्यंत ओळखते. वीतभर मातीत मिळते ते बहुतेक कालपरवाचे: खिळे, नाल, काडतुसाची टोपणे, कुठे एखादी शिवराई. विळिवायकुरांचा सातवाहनकाळ ब्रह्मपुरीत मराठा, बहमनी आणि शिलाहार काळांच्या थरांखाली गेलेला आहे.

त्या थरापर्यंत माणसे पोहोचली ती विसाव्या शतकात. राजाराम कॉलेजचे प्राध्यापक कुंदणगार हे कन्नड आणि शिलालेखांचे अभ्यासक. कोल्हापूर संस्थानातले कोरीव लेख त्यांनी आधीच गोळा करून छापले होते. चाळीसच्या दशकाच्या मध्यावर त्यांच्या प्रयत्नांतून ब्रह्मपुरीत कांस्यवस्तूंचा एक साठा उजेडात आला. मग १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी शास्त्रीय उत्खनन केले. त्याचा अहवाल १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्या कांस्यवस्तूंच्या साठ्यात काय होते? पॉसिडॉन! ग्रीकांचा समुद्रदेव, वीतभरही नसलेली कांस्यमूर्ती: दाढीधारी, उघड्या पिळदार अंगाची, एक हात वर उचललेला, जणू त्यात त्रिशूळ होता. घडण ग्रीक शिल्पकार लिसिपॉसच्या परंपरेतली, रोमन साम्राज्यातल्या कुठल्या तरी कारखान्यात ओतलेली. सोबत रोमन घाटाचे कांस्याचे सुरईसारखे भांडे, आरसा, आणि एका तबकडीवर पर्सियस वीर अँड्रोमेडाला सोडवतो आहे तो प्रसंग. या परदेशी पाहुण्यांच्या शेजारीच इथल्या कारागिराने ओतलेला, पाठीवर माणसे घेतलेला हत्ती. सह्याद्रीचा घाट चढून हा समुद्रदेव पंचगंगेकाठी आला कसा, तर बहुधा व्यापाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून. त्याच काळातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालात तांबे, कथील आणि शिसे यांची नोंद आहे. उलट बाजूने आपला मालही जात होताच. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी जवळचे नाते सांगणाऱ्या मूर्ती मराठवाड्यात तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत.

आता कल्पना करा, हा पॉसिडॉन एखाद्या यंत्रवाल्याला अंधारात मिळाला असता. कांस्य छान वाजते. खड्डा कोणी आधीच खोल केला असता तर यंत्राने त्याला नक्की हेरले असते. मूर्ती पिशवीत गेली असती. कुठल्या तरी दुकानात ‘रोमन मूर्ती, सापडली भारतात’ एवढी चिठ्ठी तिला लागली असती, आणि ‘ती इथली कशावरून? इंग्रज साहेबाने दिवाणखान्यात ठेवायला आणली नसेल कशावरून?’ या प्रश्नाला कायमचे उत्तर उरले नसते. आज ते उत्तर आहे. ते मूर्तीने दिलेले नाही. सोबतच्या वस्तूंनी आणि सातवाहनकालीन विटांच्या घरांनी, खापरांनी, मण्यांनी दिले आहे. मणी, काच, खापर, वीट यांपैकी एकही गोष्ट मेटल डिटेक्टर ऐकू शकत नाही. दीक्षितांनी पुढे भारतातल्या मण्यांवर आणि काचेवर जे मोलाचे काम केले, ते यंत्राला ऐकू न येणाऱ्या अशा वस्तूंवरचेच.

मातीची साथ सुटली की काय होते, याचे दुखरे उदाहरण दायमाबादचे. १९७४ मध्ये नगर जिल्ह्यातल्या या गावी एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना कांस्याच्या चार भरभक्कम वस्तू मिळाल्या: बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन साठ किलोहून अधिक. भारतीय कलेतली ही अपूर्व संपदा. पण त्या उत्खननात थरातून निघाल्या नाहीत, आणि त्यामुळे त्या खरोखर हडप्पाकाळाच्या अखेरच्या की बऱ्याच नंतरच्या, हा वाद तज्ज्ञांत चालत राहिला. पुढे तिथे काही वर्षे उत्खनन झाले, त्यातून काळाचे अनुमान बांधले गेले. तरी शंका उरली ती उरलीच.

याच्या उलट प्रसंग इंग्लंडमधला. नोव्हेंबर १९९२, सफोक परगण्यातले हॉक्सन गाव. एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला, म्हणून त्याने मित्राला डिटेक्टर घेऊन बोलावले. मित्राला चांदीचे चमचे आणि सोन्याची नाणी लागली. थोडे खणल्यावर तो थांबला, आणि त्याने पोलिसांना व पुरातत्त्व अधिकाऱ्यांना कळवले. अधिकाऱ्यांनी साठा मातीसकट काळजीने उचलला. म्हणून चौदा हजारांहून अधिक रोमन नाण्यांबरोबर हेही कळले, की सगळे एका लाकडी पेटीत नीट रचून ठेवले होते. लाकूड कुजून गेले होते, पण लहानशी चांदीची कुलुपे शिल्लक होती. सुमारे साडेसतरा लाख पौंडांचे बक्षीस दोघांत वाटले गेले. हातोडाही मिळाला, तोही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आपल्याकडचा कायदा १८७८ चा, इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर ती काय आहे, कुठे व कधी मिळाली, हे लेखी कलेक्टरला कळवायचे. दहा रुपयांचा हा आकडा अजून तोच आहे. पण या कायद्यात शोधणाऱ्याला फसवलेले नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मूळ मालक निघाला नाही आणि दुसरा काही करार नसेल तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा, उरलेला जमीनमालकाचा. सरकारने वस्तू ठेवून घ्यायची ठरवली तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश द्यावा लागतो. लपवले तर मात्र वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत खोदकामात मिळालेल्या मुघलकाळातल्या २१६ मोहरा, सव्वादोन किलोंहून जास्त सोने, पोलिसांना जप्त कराव्या लागल्या, त्या न कळवल्यामुळेच. पन्हाळ्यासारख्या संरक्षित स्मारकावर तर परवान्याशिवाय कुदळ मारणे हाच गुन्हा. २०२५ पासून हा गड जागतिक वारशाच्या यादीतही आहे.

कायदा आहे, पण त्याच्यापर्यंत जायची वाट अवघड आहे, हे मला मनापासून खटकते. इंग्लंड-वेल्समध्ये १९९७ ला सुरू झालेल्या योजनेतून आता परगण्या-परगण्यात एक माणूस नेमलेला असतो. शेतात मिळालेले त्याला दाखवायचे, तो नोंद करतो, वस्तू बहुधा परत देतो. पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची अशी नोंद झाली आहे. आपल्या करवीर, पन्हाळा किंवा शिरोळ तालुक्यातल्या शेतकऱ्याला नांगराच्या फाळाला लागलेले नाणे घेऊन थेट कलेक्टर कचेरीची पायरी चढावी लागते. ते नको म्हणून मग नाणे सोनाराच्या दुकानात जाते आणि मुशीत वितळते. सापडलेले जपणारी माणसे आपल्याकडे नव्हती असे मुळीच नाही. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे हे व्यापारी. पाऊस पडून गेला की तेरच्या टेकाडांवर उघडे पडणारे मणी, नाणी, मृण्मूर्ती त्यांनी वर्षानुवर्षे जमवल्या, आणि आज तिथे त्यांच्या नावाचे सरकारी संग्रहालय उभे आहे. असा एक माणूस, पगारी, प्रत्येक तालुक्याला हवा.

तोवर घराचा पाया खणताना, विहिरीचा गाळ काढताना किंवा नांगरताना काही लागलेच, तर पहिली गोष्ट म्हणजे खणणे थांबवा. वस्तू जागेवर असतानाच, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून, मोबाइलवर फोटो काढा. खड्ड्याचा एक, आजूबाजूच्या खापरांचाही एक. किती हात खोल मिळाली ते लिहा. चिंच, लिंबू, भांड्याची पावडर यांपैकी काही लावू नका. शिसे आम्लाने खाल्ले जाते, आणि घासून चकचकीत झालेल्या नाण्यावर खालच्या राजाचे नाव उरत नाही. भगवानलालांना क्रम सापडला तो त्या पुसटशा अक्षरांतच. मग तलाठ्याला सांगा आणि लेखी अर्ज कलेक्टर कचेरीत द्या. कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात जाऊन जाणत्या माणसाचा सल्लाही घ्या. ब्रह्मपुरीच्या वस्तू तिथेच आहेत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडू नका.