माशाची ‘सीमान्त लांबी’

सुरमई किंवा बांगडा वयानुसार किती वाढतो, हे सांगायला मत्स्यशास्त्रज्ञ बहुधा ऑस्ट्रियन जीवशास्त्रज्ञ लुडविग फॉन बर्टालान्फी यांचं १९३८ सालचं समीकरण वापरतात. त्यात एक सीमान्त लांबी (जिच्याजवळ वाढ मंदावत जाते ती लांबी) असते. तिच्याहून मोठा मासा मालवणच्या लिलावात आला, की गणित चुकलं असं वाटणं साहजिक आहे. पण ही लांबी विक्रमी माशाची नव्हे. खूप वय झालेल्या माशांची ती सरासरी आहे आणि सरासरीच्या वर काही मासे असणारच.

कपातला चहा आधी झपाट्याने आणि मग हळूहळू निवतो, कारण हवेशी असलेला फरक कमी होत जातो. लांबीचंही तसंच. समजा सीमा ६० सेंटिमीटर आहे आणि उरलेलं अंतर दरवर्षी निम्मं होतं. मग मासा पहिल्या वर्षी ३०, दुसऱ्या वर्षी ४५ आणि तिसऱ्या वर्षी ५२.५ सेंटिमीटर होईल.

वय कळतं कानातल्या खड्याच्या (ओटोलिथ) वलयांवरून. आपल्या उबदार समुद्रात ती बरेचदा अस्पष्ट असतात, म्हणून महिन्यामहिन्याला जाळ्यात आलेल्या माशांच्या लांब्या मोजून वाढ ताडतात. काम कंटाळवाणं, पण त्याला पर्याय फारसा नाही.

वजनाची चाल मात्र वेगळी. ते साधारण लांबीच्या घनाप्रमाणे बदलतं, त्यामुळे मासा सीमेच्या दोन तृतीयांश लांबीला पोचतो तेव्हा वजन सर्वांत वेगाने वाढत असतं. बारीक आसाच्या जाळ्यात त्याआधीच सापडलेली पिल्लं म्हणूनच महाग पडतात.