सूत्र आहे, वार्तिक कुठे?

टिडलीविकी हे नोंदी ठेवण्याचं साधन. जेरेमी रस्टन या ब्रिटिश प्रोग्रामरने ते २००४ साली लोकांपुढे आणलं. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या पहिल्या विकीला सर्व्हर लागत असे. टिडलीविकीचा सगळा कारभार मात्र एका एचटीएमएल फाइलमध्ये चालतो. नोंदीही तिच्यातच आणि त्या चालवणारा प्रोग्रामही तिच्यातच. फाइल पेनड्राइव्हवर घेतली की सगळं बिऱ्हाड बरोबर. वाचनाच्या टिपणांपासून घरखर्चापर्यंत काहीही तिच्यात मावतं, आणि पैसा पडत नाही.

इथल्या प्रत्येक नोंदीला ‘टिडलर’ म्हणतात. त्याला शीर्षक असतं, मजकूर असतो, टॅग असतात आणि हवी तितकी फील्ड जोडता येतात. नोंदी थोड्या असतात तोवर नुसत्या शोधावर भागतं. त्या वाढल्या की ‘वाचून झालेली पुस्तकं तेवढी दाखव’ असं सांगावंसं वाटतं आणि तिथे फिल्टर लिहिणं आलं. याद्या, मेनू, कुठलं बटण कधी दिसावं याच्या अटी, सगळं फिल्टरवर चालतं. तो टाळून नोंदी ठेवता येतात. त्या नोंदींकडून काम करून घेता येत नाही. म्हणूनच हे साधन आवडलेल्यांपैकी अनेकांची गाडी नेमकी इथे अडते.

एका मोकळ्या जागेचा फरक

आधी नमुना पाहू. फिल्टरमधल्या ‘टॅग’सारख्या क्रियांची नावं आणि आकडे मुळात रोमन लिपीत टंकावे लागतात. इथे छपाईच्या सोयीसाठी ते देवनागरीत लिहिले आहेत, चिन्हं मात्र मूळचीच.

[टॅग[पुस्तक]टॅग[वाचलेले]]

[टॅग[पुस्तक]] [टॅग[वाचलेले]]

पहिल्या ओळीत दोन पायऱ्या एकाच कंसात आहेत. पहिलीतून जे बाहेर पडलं ते दुसरीत जातं, म्हणून वाचून झालेली पुस्तकंच उरतात. दुसऱ्या ओळीत दोन स्वतंत्र फेऱ्या आहेत. दुसरी फेरी पुन्हा सगळ्या नोंदींपासून सुरू होते आणि दोन्हींचे निकाल एकत्र होतात. परिणामी न वाचलेली पुस्तकंही येतात आणि वाचलेली मासिकंही. ‘आणि’ व ‘किंवा’ हे शब्द कुठेच लिहिलेले नाहीत. दोन कंस आणि एक मोकळी जागा एवढ्यावर अर्थ फिरला.

फेऱ्यांच्या आधी लागणारी चिन्हं याच्या पुढची. अधिक म्हणजे आतापर्यंतचा सगळा निकाल या फेरीत घाल, वजा म्हणजे या फेरीत येईल ते निकालातून काढ, नागमोडी रेघ म्हणजे आतापर्यंत काहीच हाती लागलं नसेल तरच ही फेरी वापर. पुस्तकं आणि मासिकं यांची एकत्र यादी अकारविल्हे लावायची तर सॉर्टची पायरी अधिक चिन्ह लावून वेगळ्या फेरीत ठेवावी लागते. ती मासिकांच्या फेरीतच लिहिली तर मासिकं तेवढी रांगेत येतात आणि पुस्तकं होती तशीच राहतात.

बरोबरीचं चिन्ह सगळ्यांत फसवं. फिल्टरचा पिंड शीर्षकांच्या यादीचा आणि यादीत एक शीर्षक एकदाच, हा मूळ नियम. तेच शीर्षक पुन्हा आलं की आधीचं काढून ते शेवटी ठेवलं जातं. नोंदींसाठी हे सोयीचं आहे, पण पुढे फिल्टरमध्ये गणितही आलं. आता

४० ६० ४० +[सम[]]

असं लिहून बेरीज मागितली तर उत्तर १०० येतं. दुसऱ्या चाळिसाने पहिल्याची जागा घेतली. प्रत्येक आकड्याआधी बरोबरीचं चिन्ह लावलं तर १४० मिळतात. घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्याला ही गोष्ट दस्तऐवजातल्या सम या क्रियेच्या पानावर, ठळक अक्षरांत सांगायला हवी.

चूक झाली, पण कळलं नाही

चिन्हं पाठ होतात. खरी अडचण दुसरीकडे आहे. फिल्टरला ओळखीची नसलेली क्रिया दिसली की तो ती फील्डचं नाव समजतो. ही सवलत मुद्दाम ठेवलेली आहे, कारण तिच्यामुळे [लेखक[अमुक]] असं थेट लिहिता येतं. पण ‘टॅग’च्या जागी हात चुकून ‘टग’ पडलं, तर यंत्र ‘टग’ नावाचं फील्ड शोधत बसतं. ते कुठल्याच नोंदीत नसतं, म्हणून यादी रिकामी येते. त्याच चुकीच्या आधी नकाराचं उद्गारचिन्ह असेल तर उलट सगळ्या नोंदी येतात. कंस जुळला नाही तर यंत्र तक्रार करतं. शब्द चुकला तर हूं की चूं नाही. नवशिक्याला वाटतं, नोंदीच नाहीत.

नावंही घोळात घालतात. टॅग, टॅग्ज आणि टॅगिंग या तीन वेगळ्या क्रिया आहेत. पहिली विशिष्ट टॅग असलेल्या नोंदी राखते. दुसरी हाती असलेल्या नोंदींना कोणते टॅग आहेत ते देते. तिसरी हाती असलेलं शीर्षकच टॅग मानून तो लावलेल्या नोंदी देते. कंसांचेही तीन प्रकार: चौकोनी कंसात जसाच्या तसा मजकूर, महिरपी कंसात दुसऱ्या नोंदीतून आणलेला, कोनी कंसात चलाचं मूल्य. शिवाय चौकोनी कंसातल्या मजकुरात बंद होणारा चौकोनी कंस लिहिता येत नाही. त्यासाठी चलाचा वळसा घ्यावा लागतो.

यात इतिहासाची भर पडते. आजची मालिका नव्याने लिहिलेली, तिची ५.१.० ही आवृत्ती २०१४ मध्ये आली. ५.१.२३ पासून फेरीआधी लावायचे ‘फिल्टर’, ‘रिड्यूस’ असे शब्दांत लिहिलेले उपसर्ग आले, ५.३.० मध्ये फिल्टरला नाव देऊन पुन्हा वापरण्याची सोय झाली. पण लोकांच्या फायली त्यांच्या त्यांच्या डिस्कवर असतात, म्हणून जुनं लिखाण मोडायचं नाही हे धोरण कसोशीने पाळलं जातं. वापरणाऱ्याच्या दृष्टीने हे उत्तमच. दस्तऐवज लिहिणाऱ्याला मात्र एकाच कामाच्या जुन्या-नव्या रीती शेजारी शेजारी सांभाळाव्या लागतात.

काय लिहिलं गेलं आहे

अधिकृत दस्तऐवज हे स्वतःच एक टिडलीविकी आहे. त्यामुळे उदाहरणं वाचता वाचता तिथेच चालवून पाहता येतात. प्रत्येक क्रियेला वेगळं पान असतं आणि तिला काय मिळतं, ती काय देते याचा तक्ता त्यावर असतो. नवी सोय असेल तर ती कोणत्या आवृत्तीपासून हेही नोंदलेलं असतं. व्याकरण रूळांच्या नकाशासारख्या आकृत्यांनी दाखवलं आहे. येन्सन आणि विर्थ यांच्या १९७४ च्या पास्कल पुस्तकापासून ही पद्धत प्रोग्रामरांच्या ओळखीची आहे. या आकृत्या काय लिहिता येईल ते अचूक सांगतात. लिहिलेल्याचं काय होईल, हे त्या सांगत नाहीत.

ती उणीव सोरेन ब्योर्नस्टाड यांच्या ‘ग्रॉक टिडलीविकी’ या पाठ्यपुस्तकाने बरीच भरून काढली. तेही टिडलीविकीतच लिहिलेलं आहे. त्यात क्रमवार धडे आहेत, स्वाध्याय आहेत आणि शिकलेलं काही अंतराने पुन्हा विचारणारे प्रश्नही आहेत.

डॅनिएल प्रोसिडा यांच्या ‘डायटॅक्सिस’ या मांडणीत दस्तऐवजांचे चार प्रकार मानले आहेत: धडे, कामाच्या कृती, संदर्भ आणि विवेचन. त्या मापाने टिडलीविकीचा संदर्भ विभाग भक्कम आहे आणि धडेही आता आहेत. तरी एक जागा रिकामी राहतेच, आणि ती या चार खणांत नीट बसत नाही.

ती दाखवायला आपली परंपरा अधिक उपयोगी आहे. संगणकभाषांची व्याकरणं ज्या बॅकस पद्धतीने लिहितात, तिला पाणिनीचंही नाव जोडावं अशी सूचना पीटर इंगरमन यांनी १९६७ मध्ये केली होती. पाणिनीची सुमारे चार हजार सूत्रं कमालीची आखूड आहेत. मागच्या सूत्रातून पुढच्यात काय ओढून घ्यायचं हे ठाऊक नसेल तर ती उलगडत नाहीत; फिल्टरची पायरीही आधीच्या पायरीतून काय आलं हे कळल्याशिवाय वाचता येत नाही. पण परंपरा सूत्रांवर थांबली नाही. कात्यायनाने वार्तिकं लिहिली: काय सांगितलं, काय सांगायचं राहिलं, काय नीट सांगितलं गेलं नाही. त्यावर पतंजलीने महाभाष्य रचलं, शंका आणि उत्तर अशा संवादी ढंगात. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांमुळे ते मराठीतही वाचता येतं.

टिडलीविकीजवळ सूत्रं आहेत आणि बऱ्यापैकी भाष्यही आहे. वानवा आहे ती वार्तिकांची. प्रत्येक क्रियेच्या पानावर हमखास होणारी चूक, त्या चुकीने पडद्यावर काय दिसतं आणि तसं का दिसतं, एवढं आलं तरी पुष्कळ. एखादा लांब फिल्टर पायरी-पायरीने सोडवून प्रत्येक पायरीनंतरची यादी छापली तर आणखी उत्तम, कारण शोधाच्या फिल्टर टॅबमध्ये शेवटचा निकाल तेवढा दिसतो, मधला प्रवास दिसत नाही.

हे काम मुरलेल्या माणसाकडून सहसा होत नाही, कारण रिकामी यादी दिसली की त्याची नजर आपोआप स्पेलिंगकडे जाते. ती का जाते हे त्याला सांगावंसंही वाटत नाही. नुकताच शिकलेला माणूस मात्र ते सांगू शकतो. ५.२.० पासून फील्डची नावं देवनागरीतही ठेवता येतात, तेव्हा ‘लेखक’, ‘रक्कम’, ‘वाचल्याची तारीख’ अशी फील्ड असलेली मराठी उदाहरणं घेऊन अशी वार्तिकं लिहायला आता अडचण नाही. प्रकल्प मुक्त आहे आणि त्याचे दस्तऐवज स्वयंसेवकांच्या दुरुस्त्यांवरच वाढतात. ज्याला आज फिल्टर येत नाही, त्याने शिकता शिकता आपल्या चुका टिपून ठेवल्या, तर पुढच्या शिकणाऱ्याला त्याच हव्या आहेत.