पीण्यातील मुलांपुढे पहिलीपासूनच भाषांचा प्रश्न

परकीय भाषा म्हटले की फ्रेंच, जर्मन किंवा जपानी या भाषा चटकन आठवतात. बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात मात्र हा प्रश्न वेगळ्या रूपात आणि पहिल्याच इयत्तेत उभा राहतो.

तुमकुरू मार्गालगतचे पीण्या १९७० च्या दशकात विकसित झाले. यंत्रांचे सुटे भाग, विद्युत उपकरणे आणि तयार कपडे यांच्या असंख्य लहान-मोठ्या कारखान्यांमुळे उत्तर कर्नाटकाबरोबरच इतर राज्यांतील कामगारही येथे स्थिरावले. त्यांच्यापैकी अनेकांच्या मुलांची घरची भाषा एक, परिसराची कन्नड आणि पालकांच्या आकांक्षेची इंग्रजी असते.

१९९४ च्या आदेशान्वये कर्नाटक सरकारने पहिली ते चौथीसाठी मातृभाषा किंवा कन्नड हे माध्यम बंधनकारक केले होते. माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा आहे, असा निर्वाळा देत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी ही सक्ती रद्द ठरवली. पुढे २०१५ च्या कायद्याने सर्व शाळांत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून अनिवार्य झाली, तर २०१९-२० पासून सुमारे एक हजार सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्गही सुरू झाले. परिणामी, पूर्वी मुख्यतः खाजगी शाळांत दिसणारा इंग्रजीचा ओढा सरकारी शाळांतही पोहोचला.

इंग्रजी ही रोजगाराची भाषा असल्याने पालकांचा हा आग्रह समजण्याजोगा आहे. तथापि, ज्या भाषेत मूल विचार करते, तिच्यात वाचन पक्के होण्याआधीच दोन अनोळखी लिप्या समोर आल्या, तर अक्षरे गिरवता येतात, पण अर्थ हाती लागत नाही. घरी अभ्यास घेणारे कोणी नसेल, तर ही उणीव गणित आणि परिसर अभ्यासातही जाणवते.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०-क नुसार भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याचा प्रयत्न करणे राज्यांकडून अपेक्षित आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हेच माध्यम असावे, असे सुचवले असून, जपानी, जर्मन यांसारख्या भाषांना माध्यमिक स्तरावर स्थान दिले आहे. महाराष्ट्रात पहिलीपासून तिसऱ्या भाषेवरून उसळलेल्या वादानंतर राज्य सरकारने २९ जून २०२५ रोजी त्याविषयीचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. भाषा किती, यापेक्षा त्या कोणत्या वयात आणि कोणत्या क्रमाने, हाच त्या वादाचाही गाभा होता.

लहान वयात मुले ऐकून-बोलून भाषा सहज आत्मसात करतात. म्हणूनच गाणी, गोष्टी आणि खेळांतून नव्या भाषेची ओळख आधी व्हावी आणि लेखन-वाचनाचा भार त्यानंतर यावा, हे श्रेयस्कर ठरते. पीण्यासारख्या वसाहतींत घरच्या भाषेतील गोष्टीची पुस्तके मुलांच्या हाती पडली, तर कन्नड आणि इंग्रजी या दोन्हींचा मार्ग सुकर होईल.