टोल हाउसच्या मालकीणबाई
रूथ वेकफिल्ड (१९०३–१९७७) यांचे शिक्षण गृहशास्त्राचे. १९३० मध्ये पती केनेथ यांच्यासह त्यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, व्हिटमन गावी 'टोल हाउस इन' हे उपाहारगृह थाटले. चॉकलेटचे तुकडे घातलेली कुकी याच स्वयंपाकघरातली. पिठात चॉकलेट चुकून पडले, ही दंतकथा भलतीच लोकप्रिय. पण रीतसर शिकलेल्या बाईंवर ती अन्यायच करते. आइस्क्रीमबरोबर दिल्या जाणाऱ्या पातळ बटरस्कॉच कुकीऐवजी गिऱ्हाइकांना काही वेगळे द्यावे, म्हणून हा पदार्थ केल्याचे त्या सांगत. पुढे नेस्ले कंपनीने ती कृती चॉकलेटच्या वेष्टनावर छापली. दांपत्याने साठच्या दशकात उपाहारगृह विकले. १९८४ च्या अखेरीस इमारत जळाली.