तुटलेलं शिल्प पुरं करताना

आपल्याकडे मूर्ती खंडित झाली की तिला पूजेत ठेवत नाहीत, तिचं विसर्जन करतात. पण पूजेची नसलेली, केवळ प्राचीन म्हणून जपायची अशी मूर्ती तुटकी मिळाली, तर तिचं काय करायचं?

सतराव्या-अठराव्या शतकातल्या रोमचं उत्तर सरळ होतं : ती पुरी करायची. धनिकांना महालात अखंड मूर्ती हवी असे. मग शिल्पकार तिला नवं नाक, नवे हात, प्रसंगी नवं डोकंही बसवत. ग्रीक-रोमन मूर्तींचे भरपूर नमुने त्यांच्यासमोर होते. इजिप्तच्या शिल्पांची गोष्ट वेगळी. ती शैली हातात मुरलेली नव्हती आणि लिपी तर कोणालाच वाचता येत नव्हती. साहजिकच जोडकामात त्या काळचा युरोप उतरत असे. विंकेलमान यांनी १७६४ सालच्या आपल्या प्राचीन कलेच्या इतिहासात बजावलं, की विद्वान नवे जोडलेले भाग जुने समजतात आणि त्यांवरून भलतेच निष्कर्ष काढतात.

हा प्रश्न नीट समजून घ्यायला आपण रोममधलेच दोन ओबेलिस्क, म्हणजे उंच चौकोनी दगडी स्तंभ, घेऊ.

पहिला पियात्सा नवोना या चौकातला. दगड इजिप्तचा, पण त्यावरची चित्रलिपी रोमन सम्राट डोमिशियनच्या काळात कोरलेली. हा स्तंभ तुकडे झालेल्या अवस्थेत पडून होता. पोप दहावे इनोसंट यांनी तो बेर्निनीच्या कारंज्यावर उभा करवला. १६५१ मध्ये काम पुरं झालं. जिथे अक्षरं नष्ट झाली होती तिथे कोणती चिन्हं यावीत, हे अथानासिउस किर्शर या जेझुइट पंडितानं सांगितलं. वर पोपच्या घराण्याचं चिन्ह, कबुतर, बसलं. किर्शरला त्या लिपीत गूढ अध्यात्मविद्या दिसत होती. प्रत्यक्षात तिथे आहे सम्राटाची स्तुती!

आता दुसरा, मोंतेचितोरिओ चौकातला. हा अस्सल इजिप्शियन. फारो दुसरा प्सामतिक याच्या काळातला, ऑगस्टसनं इ. स. पू. १० मध्ये रोमला आणलेला. १७९२ मध्ये पोप सहावे पायस यांनी तो पुन्हा उभा करवला. डागडुजीसाठी अंतोनिनस पायसच्या पडीक स्तंभाचा ग्रॅनाइट वापरला. म्हणजे एक प्राचीन वस्तू सावरायला दुसरी कापली, हेही विसरायला नको. पण नव्या दगडावर चित्रलिपी कोरली नाही. तो भाग कोरा राहिला, आणि आजही कोणाही वाटसरूला दिसतो.

पुढे तीसच वर्षांनी, १८२२ मध्ये, शांपोलियाँनं त्या लिपीची उकल जाहीर केली. कोऱ्या दगडानं वाचणाऱ्याची वाट अडवली नाही. किर्शरच्या चिन्हांच्या बाबतीत मात्र आधी मूळ कोणतं आणि भर कोणती, हे निवडावं लागतं.

किर्शर लबाड होता असं आम्ही म्हणत नाही. आपल्याला ही लिपी कळते, अशी त्याची प्रामाणिक खात्री होती. म्हणूनच हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा ठरतो. लबाडी निदान लपवावी लागते. खात्रीला ती गरजच वाटत नाही, ती बेधडक दगडावर कोरली जाते. शिल्पाला आधार लागतो, ते कोसळू नये म्हणून नवा दगड लावावाच लागतो. पण आधार देणं वेगळं आणि त्याच्या तोंडी आपले शब्द घालणं वेगळं. जुना ग्रंथ किंवा जुना विचार पुरा करायला बसतो तेव्हा आपण यातलं नेमकं काय करतो, हे प्रत्येकानं तपासावं.