हात वर नेला की खांदा दुखतो? ऑपरेशनच्या आधी तीन महिने व्यायाम करा

नांदगाव खंडेश्वर : वरच्या फळीवरचा डबा काढताना, दोरीवर कपडे वाळू घालताना, नमाजच्या तकबीरसाठी हात कानापर्यंत नेताना खांद्यात कळ येते. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. आपल्याकडे रंगकाम करणारे, फवारणीचा पंप चालवणारे, शिलाई मशीनवर बसणारे आणि आम्ही फळ्यावर लिहिणारे शिक्षक, अनेकांची ही तक्रार असते. बरेच जण हात हलवणंच बंद करतात. त्याने खांदा आणखी कमजोर होतो आणि आखडतो.

नेमकं होतं काय?

खांद्याच्या सांध्याभोवती चार लहान स्नायू असतात. त्यांना रोटेटर कफ म्हणतात. हात उचलताना ते दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीत धरून ठेवतात. त्यांच्या वर हाडाचं छत असतं. हात बाजूने उचलताना साधारण ६० ते १२० अंशांच्या मध्ये दुखतं आणि पुढे कमी होतं, ही या आजाराची खूण. डॉक्टर याला इम्पिंजमेंट म्हणतात.

अमेरिकेतले सर्जन चार्ल्स नीर यांनी १९७२ मध्ये मांडलं की स्नायूचा बंध या छताखाली घासतो. तेव्हापासून छताचं हाड तासायचं ऑपरेशन रूढ झालं. पुढे ब्रिटनमध्ये याची परीक्षा झाली. काही रुग्णांचं हाड खरंच तासलं, काहींच्या खांद्यात फक्त दुर्बीण घालून पाहिलं. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला : दोन्ही गटांना आराम जवळपास सारखाच. म्हणून कोणी हाड तासायला सांगितलं तर घाईने पैसे उभे करू नका, आधी दुसरं मत घ्या.

मग व्यायामाचं काय? स्वीडनमध्ये ऑपरेशनच्या यादीत असलेल्या रुग्णांचे दोन गट केले. सुरुवातीला दोघांनाही इंजेक्शन दिलं. एका गटाला खांद्याचे खास व्यायाम दिले, दुसऱ्याला साध्या हालचाली. तीन महिन्यांनी खास व्यायामाच्या गटात ५१ पैकी १० जणांनीच ऑपरेशन निवडलं, दुसऱ्या गटात ४६ पैकी २९ जणांनी. हा अभ्यास २०१२ चा आहे.

घरी काय करता येईल?

१. ताठ बसून दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकांकडे ओढा, पाच सेकंद धरा.

२. कोपर अंगाला लावून मध्ये टॉवेलची घडी ठेवा. दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधून हात बाहेरच्या बाजूला ओढा, मग सावकाश परत आणा.

३. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घेऊन हात थोडा तिरका समोर, खांद्याच्या उंचीपर्यंत उचला. खाली आणताना घाई नको. खरं काम तिथेच होतं.

प्रत्येक व्यायाम आठ-दहा वेळा करून सुरुवात करा. जमेल तसं १५ वेळा, तीन फेऱ्यांपर्यंत न्या. थोडं दुखेल, घाबरू नका. दहापैकी पाचपर्यंतचं दुखणं चालतं, पण पुढच्या वेळेपर्यंत ते उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर वजन आणि फेऱ्या कमी करा. आठवड्यात फरक दिसणार नाही, बारा आठवडे धरून चला. सोबत, रोजच्या वापराचे डबे खालच्या फळीवर आणा.

हे मात्र अंगावर काढू नका

पडल्यानंतर हात उचलताच येत नसेल, ताप किंवा सूज असेल, हाताला मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टरकडे जा. डाव्या खांद्यासोबत छातीत दाब आणि घाम आला तर ते हृदयाचं असू शकतं, लगेच दवाखाना गाठा. शुगर असणाऱ्यांचा खांदा सगळ्याच दिशांनी जाम होत असेल तर तो वेगळा आजार, त्याचे व्यायामही वेगळे.

अमरावतीला दवाखान्यात जाणं होईल तेव्हा फिजिओथेरपिस्टकडून एकदा पद्धत बघून घ्या. घरात अम्मी किंवा दादीचा खांदा दुखत असेल तर "आराम करा" एवढंच सांगून थांबू नका. संध्याकाळची दहा मिनिटं त्यांच्यासोबत बसा आणि व्यायाम करून घ्या.