एका शहरात दोन बिशप : वाद आणि समेट



शेताच्या बांधावरून भावाभावांत तंटा झाला, की आपल्या चंदगड भागात पुष्कळदा मधोमध नवा बांध घालून तो मिटविला जातो. भांडण थांबते, बोलणे सुरू होतेच असे नाही. ख्रिस्तसभेनेही एकदा हाच उपाय करून पाहिला होता.

पूर्वेकडील चर्चेसचा खर्च चालवावा व बिशपपदासाठी नावे सुचवावीत, असा अधिकार पोपमहोदयांनी पोर्तुगालच्या राजाला दिला होता. त्यास 'पाद्रोआदो' म्हणत. पुढे पोर्तुगालची शक्ती ओसरली. १६२२ साली रोमने धर्मप्रसारासाठी 'प्रोपगांडा' हे खाते स्थापन केले, आणि त्याचे मिशनरी आल्यावर दोन अधिकार समोरासमोर उभे राहिले. मुंबईत १७९४ साली चर्चेस दोन पक्षांत वाटली गेली. तरीही १८५३ मध्ये बिशप हार्टमन आत असताना विरोधकांनी माहीमच्या संत मायकल चर्चला कित्येक दिवस वेढा घातला. अखेर सरकारला मध्ये पडावे लागले. दोन्ही पक्ष कॅथलिकच होते, हे विसरू नये!

१८८६ च्या कराराने पाद्रोआदोसाठी दमण धर्मप्रांत निर्माण झाला, पण मुंबईतील दुहेरी अधिकार कायम राहिला. एकाच गल्लीतील दोन कुटुंबांचे बिशप वेगळे असू शकत. तो तह होता, समेट नव्हे. १५ एप्रिल १९२८ च्या कराराने हा दुहेरीपणा संपला; मात्र मुंबईचे आर्चबिशप पाळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश असावेत असे ठरले. या वाटणीत इथल्या माणसांचा विचारच नव्हता.

खरा बदल घडला तो एका व्यक्तीने आपली जागा सोडल्यामुळे. १९३७ साली आर्चबिशप झालेले इंग्रज येशूसंघीय थॉमस रॉबर्ट्स यांनी १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस हे साहाय्यक बिशप होताच कारभार त्यांच्या हाती सोपविला व स्वतः मुंबईबाहेर राहू लागले. १८ जुलै १९५० रोजी पोर्तुगालने आपला हक्क सोडला. रॉबर्ट्स यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरात ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. आपल्या भागातही हे पडसाद उमटले : गोव्याच्या अधिकाराखालील बेळगाव १९५३ साली स्वतंत्र धर्मप्रांत झाले. चंदगड तालुका तेव्हा बेळगाव जिल्ह्यातच होता. तो कोल्हापुरात आला १९५६ साली.

ख्रिस्तसभेचा आजचा कायदा वाटणीपेक्षा भेटीला अग्रक्रम देतो. १९८३ च्या धर्मसंहितेचे १४४६ वे कलम सर्व श्रद्धावंतांना, विशेषतः बिशपांना, दावे टाळून तंटे शांततेने मिटविण्यास सांगते. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील क्रमही तोच आहे : प्रथम एकट्याने भेट, मग एकदोन साक्षीदार, त्यानंतरच मंडळी. धर्माधिकाऱ्याच्या लेखी निर्णयाने अन्याय झाला असे वाटल्यास वरिष्ठांकडे दाद मागण्यापूर्वी, निर्णय कळल्यापासून दहा दिवसांच्या आत, ज्याने तो दिला त्याच्याकडेच लेखी विनंती करावी लागते (कलम १७३४). सणाच्या वर्गणीचा वा दफनभूमीचा वाद असला, तरी पहिले दार तेच.